भाडेकरू आणि भुताची कादंबरी, आठ महिन्यांनंतर: सगळं अडलंय एका ‘तू’वर

एका ॲपवर मी एक चिनी वेब कादंबरी मराठी अनुवादात वाचतेय. परवा रात्री तिचा २१२वा भाग उघडला आणि भूत नायिकेला म्हणालं, “तुम्ही जेवलात का?” मी तिथेच थांबले. पुढचं वाचवेना.

ज्यांनी ही कादंबरी वाचलीय त्यांना कळेल माझा जीव का तुटला. जुन्या घरातला कारकून, मरून शंभरेक वर्षं झालेला, आणि त्याच घरात भाड्याने राहायला आलेली मुलगी. ती पहिल्या दिवसापासून त्याला अरेतुरे करते. तो मात्र अहोजाहो सोडत नाही, कारण त्याच्या काळात परक्या मुलीशी असंच बोलत. जिवंत माणसाला त्याला शिवता येत नाही, हा कादंबरीचा एकमेव कडक नियम. म्हणजे हात धरणं नाही, अश्रू पुसणं नाही. जे काय व्हायचं ते बोलण्यातूनच. आणि १४७व्या भागात ती पावसातून येते, तेव्हा त्याच्या तोंडून निघून जातं, “तू भिजलीस.” बस, एवढंच. तो भाग मी चारदा वाचला. हलकीफुलकी, भुताच्या खोड्यांची गोष्ट म्हणून उघडलेलं हे पुस्तक त्या दोन शब्दांनी माझं झालं.

भूत प्रेमात पडतं ही कल्पना चिनी वाचकांना नवी नाही. पू सोंगलिंग या चिनी लेखकाचा १७६६ साली छापला गेलेला कथासंग्रह अशा भुतांनी आणि माणसाचं रूप घेणाऱ्या कोल्ह्यांनी भरलेला आहे. या लेखिकेने त्यात स्वयंपाकघर आणलं, भांडणं आणली, थकलेलं भाडं आणलं. मला आवडलं ते हे.

मग २१२व्या भागात झालं काय? आधीचे भाग माणसाने अनुवादित केलेले होते, हे वाचतानाच जाणवायचं. इथून यंत्र आलंय, आणि तेही इंग्रजीवरून, असं मला दिसतंय. चिनीत आदराचं ‘नीन’ आणि जवळिकीचं ‘नी’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींचं ‘यू’ होतं आणि मराठीत येताना यंत्र अंदाज बांधतं. त्यामुळे एकाच संवादात तो “तुम्ही बसा” म्हणतो आणि पुढच्या ओळीत “तू जा”. त्याहून वाईट म्हणजे नायिका “मी आलो” म्हणते! मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं, इंग्रजी सांगत नाही. ॲपच्या मदत विभागाला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर.

पैशांचंही सांगते. रोज एक भाग फुकट उघडतो, बाकीच्यांना नाणी लागतात. चिनी वेब कादंबऱ्यांमध्ये २००३पासून हजार अक्षरांमागे दर लावायची पद्धत रुळली, म्हणून मधे मधे पाणी घातलेले भाग येतात. १६० ते १७५ सरळ ओलांडले तरी चालतील. मी सहा महिने एकही नाणं घेतलं नाही. मग न राहवून एका रात्रीत तीस भाग विकत घेऊन वाचले. सकाळी त्यातलं काही आठवेना. रोज एक वाचताना मात्र दिवसभर त्याचंच वाक्य डोक्यात घोळायचं. रोजची ती वाट बघणं मला आधी जाच वाटायचं, आता मी तीच पद्धत सुचवेन. नाणी घेऊ नका.

कादंबरी सोडायचं ठरवून हे लिहायला बसले होते. पण मधेच उठून २१२वा भाग वहीत उतरवला, भुताचं प्रत्येक वाक्य ‘तू’ने, नायिकेचं “मी आले” दुरुस्त करून. लिहिताना एका ठिकाणी अडले. ती घर सोडायचं बोलते आणि तो दुखावून म्हणतो, “तुम्हाला जायचं असेल तर जा.” इथे ‘तुला’ बसेना. दुखावल्यावर हा माणूस पुन्हा अहोजाहोवरच जाईल. यंत्राकडून नकळत का होईना, ते बरोबर पडलंय. ते ‘तुम्हाला’ मी तसंच ठेवलं.

२१३ आज रात्री उघडेल. वही उशाशी आहे.