हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील तारखा आणि टाइम झोन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन वेगळ्या टाइम झोनमधील आमच्या कार्यालयांचे हिशेब आम्ही गेले काही महिने हिशेबाच्या एका नव्या सॉफ्टवेअरवर ठेवत आहोत. रोजकीर्द, खातेवही, ताळेबंद हे सारे व्यवस्थित चालते. सविस्तर लिहावेसे वाटते ते तारखांच्या साठवणुकीबद्दल.

बिलाची तारीख हा दिनदर्शिकेतला दिवस असतो, घड्याळातला क्षण नव्हे. आमच्या आधीच्या सॉफ्टवेअरने हा भेद पाळलेला नव्हता. १ एप्रिल २०२४ अशी तारीख घातली की ते त्या दिवसाची मध्यरात्र धरून तिचे यूटीसीत (जगभरासाठीच्या समान प्रमाणवेळेत) रूपांतर करी. त्यामुळे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या संगणकावरून केलेली नोंद निर्यात केलेल्या फाइलमध्ये ‘२०२४-०३-३१ १८:३०’ अशी उतरे, आणि त्यातली केवळ तारीख उचलणारा अहवाल ते बिल मार्चमध्ये दाखवी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर साडेपाच तासांच्या फरकाने विक्री मागच्या वर्षात जाते.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचरची, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीची, तारीख वेळेविना, निव्वळ तारीख म्हणून साठवली जाते आणि कोठूनही उघडली तरी हलत नाही. नोंद कोणी व केव्हा केली किंवा बदलली, ती वेळ मात्र यूटीसीमध्ये राहते आणि पाहणाऱ्याला त्याच्या स्थानिक वेळेत दिसते. ही विभागणी मला अत्यंत महत्त्वाची वाटते, कारण उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळे पुढे ठेवण्याची पद्धत) संपताना घड्याळे मागे घेतली जातात तेथे स्थानिक वेळेतला तोच तास दोनदा येतो, आणि कोणता बदल आधी झाला हे लेखापरीक्षकाला त्या वेळेवरून सांगता येत नाही.

कार्यालयाचा टाइम झोन ‘+०१:००’ (यूटीसीच्या एक तास पुढे) अशा आकड्याने न निवडता शहराच्या नावाने निवडावा लागतो, हेही योग्यच. कारण एखाद्या ठिकाणच्या वेळेचे नियम बदलतात. सामोआ या पॅसिफिक महासागरातील द्वीपदेशाने तर २०११ मध्ये टाइम झोन बदलताना ३० डिसेंबर हा दिवसच वगळला होता.

एक उणीव अजून आहे. नव्या व्हाउचरवर आपोआप येणारी ‘आजची’ तारीख कार्यालयाच्या नव्हे, तर सर्व्हरच्या यूटीसी वेळेवरून ठरते, त्यामुळे यूटीसीच्या मागे असलेल्या आमच्या कार्यालयात संध्याकाळी उशिरा केलेल्या नोंदींवर उद्याची तारीख येते. महिनाअखेरीस हे अधिकच बाधते. कंपनीला तसे कळवले आहे. दुरुस्ती येईपर्यंत तेथील सहकारी प्रत्येक नोंदीची तारीख पाहूनच ती जतन करतात.