जुन्या पेट्रोल ट्रकचं इग्निशन: पॉइंट ठेवावेत, हॉल किट बसवावं, की अख्खा डिलको बदलावा?

डिलको म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर; पॉइंट म्हणजे त्याच्या आतला, कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच; आणि हॉल किट म्हणजे पॉइंटच्या जागी बसणारा, मॅग्नेटवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. किटचा विचार करण्याआधी बॉनेटखाली पेट्रोल इंजिनच आहे ना, हे पाहून घ्या. हा विनोद नाही. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेल्या डॉज-फार्गोंपैकी बऱ्याच गाड्यांत पर्किन्सचं डिझेल आहे, आणि टाटा-मर्सिडीज तर पहिल्यापासून डिझेलच. तिथे ना प्लग, ना कॉइल. खालचं सगळं जुनी विलिस-महिंद्रा जीप, पेट्रोल डॉज-फार्गो, शेवरलेट अशांसाठी आहे.

आधी ओळख

डिलकोची कॅप काढा, रोटर उचला. आत सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट आणि बाजूला कंडेन्सर दिसला आणि बाहेर एकच बारीक वायर येत असेल, तर मूळ पद्धत शाबूत आहे. लाल-काळ्या दोन वायरी आणि रोटरखाली मॅग्नेटची रिंग दिसली, तर आधीच्या मालकाने हॉल किट बसवलेलं आहे. दातेरी चकती आणि तिच्याशेजारी पिकअप कॉइल असेल, तर डिलको मुळातच इलेक्ट्रॉनिक. क्रायसलरने 1973च्या आणि शेवरलेटने 1975च्या मॉडेलांपासून अमेरिकेत हेच सरसकट दिलं.

मग बॅटरी. तीन झाकणं म्हणजे 6 व्होल्ट, सहा म्हणजे 12. चासीला कुठलं टोक जोडलंय तेही पाहा: 1955 पर्यंतच्या बहुतेक डॉज पॉझिटिव्ह अर्थच्या (पॉझिटिव्ह टोक चासीला), तर विलिस जीप निगेटिव्ह अर्थची. आपल्याकडे 6 व्होल्टच्या गाड्या 12 वर नेताना अर्थही बदललेला असू शकतो, म्हणून पुस्तकापेक्षा समोरच्या केबलवर विश्वास ठेवा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बॅलास्टच्या, म्हणजे कॉइलचा करंट कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या बाबतीत. 12 व्होल्टच्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन करून कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला (लुकासच्या जुन्या कॉइलवर ‘एसडब्ल्यू’) मल्टिमीटर लावा. 6 ते 8 व्होल्ट आले तर वाटेत बॅलास्ट आहे: एक तर पांढरा चिनीमातीचा रेझिस्टर, नाही तर वायरिंगमध्ये लपलेली रेझिस्टन्स वायर. जवळजवळ बॅटरीइतके आले तर कॉइल थेट जोडलेली. पॉइंट उघडे असतील तर करंटच वाहत नाही आणि दोन्ही प्रकारांत 12च दिसतात. शेवटी वायरी काढून कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स मोजा. साधारण 3 ओहमची कॉइल थेट चालते, 1.5 ओहमचीला बॅलास्ट लागतो. बॅलास्टशिवाय 1.5ची कॉइल लावली तर सुमारे 8 अँपिअर वाहतात. 4च्या आसपास पेलणारे पॉइंट मग काळे-निळे पडणारच.

पॉइंट

स्वस्त, रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारे, आणि वाटतात तितके वाईट नाहीत. विलिसच्या चार सिलिंडर इंजिनाला गॅप 0.020 इंच, म्हणजे 0.5 मिमी, लुकास डिलको असेल तर 0.014 ते 0.016 इंच. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या अगदी उंचवट्यावर हवी. कॅमला ग्रीसचं बोट नुसतं लावायचं. ते विसरलं की टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं आणि घाटात गाडी दम खाते. पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात; बारीक पॉइंट-फाइल वापरा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी दिसली तर कंडेन्सरवर संशय घ्या.

मुंबईत यांची खरी अडचण म्हणजे महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी. दमट, खारट हवेत पॉइंटवर थर चढतो आणि पहिल्या सेल्फला ठिणगी येत नाही.

हॉल किट

नेमका हा त्रास किट घालवतं. घासणारं काही उरत नाही, आणि शाफ्टच्या बुशला थोडा प्ले (ढिलेपणा) असला तरी पॉइंटइतका फरक पडत नाही. (प्ले हाताला स्पष्ट जाणवत असेल तर आधी बुश करा, किटमागे बुशचा खर्च लपवता येत नाही.) सगळं कॅपखाली बसतं, म्हणून जुन्या गाड्यांच्या रॅलीत गाडी नेणाऱ्यांनाही चालतं.

लाल वायरला पूर्ण 12 व्होल्ट हवेत, म्हणून ती बॅलास्टच्या आधीच्या टोकाला जोडा. काळी वायर कॉइलच्या निगेटिव्हला. चार-सहा सिलिंडरला साध्या किटसोबत 3 ओहमची कॉइल ठेवा. प्लग वायरी कार्बनच्या सप्रेसर प्रकारच्या घ्या, कारण उघड्या तांब्याच्या वायरींचा रेडिओ-गोंगाट किटच्या मॉड्यूलला गोंधळात टाकतो. किट मरतं ते बहुधा दोनच कारणांनी: उलटी जोडणी, किंवा इंजिन बंद असताना चावी ऑन राहणं. बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावा. पॉइंटचं जुनं टायमिंग जसंच्या तसं चालत नाही. 6 व्होल्ट किंवा पॉझिटिव्ह अर्थ असेल तर त्यासाठीच बनवलेलं किट मिळालं तरच घ्या, नाही तर पॉइंट बरे.

अख्खा डिलको

सत्तरच्या दशकातली अमेरिकन व्ही-8 पिकअप असेल तरच हा विचार करा. एचईआयची (शेवरलेटच्या इलेक्ट्रॉनिक डिलकोची) ठिणगी जोरदार असते, प्लगचा गॅप वाढवता येतो. पण कॅप मोठी, मागच्या पत्र्याला अडते. त्याला बॅलास्टविना जाड, थेट 12 व्होल्टची वायर लागते. जुन्या रेझिस्टन्स वायरवर जोडला की लोडवर मिसिंग ठरलेलं. शेवरलेट व्ही-8मध्ये ऑइल पंपही डिलकोच फिरवतो. डिलको पूर्ण खाली बसला नाही आणि पंपाच्या शाफ्टची खाच जुळली नाही, तर ऑइल प्रेशर शून्य. जीपला हा खटाटोप कशाला?

पावसाळ्याबद्दल

मुंबईच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडते म्हणून किट घेणाऱ्यांची निराशा होते. तिथे दोषी असते ती तडकलेली कॅप आणि जुन्या वायरी. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली की कॅप फेका. ठिणगी जोरदार केली तर त्याच रेघेतून ती अधिकच पळेल. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर वायरींवरच्या निळ्या ठिणग्या दिसतात.

म्हणजे 12 व्होल्टची, निगेटिव्ह अर्थची, कधीमधी निघणारी गाडी असेल तर हॉल किट. रोज चालणारी, 6 व्होल्टची किंवा खेड्यापाड्यात जाणारी असेल तर पॉइंट. किट घेतलंत तरी गॅप लावलेले पॉइंट, कंडेन्सर, फीलर गेज आणि पेचकस एका डब्यात घालून सीटखाली ठेवा.