युआनमिंगयुआनचे जुने फोटो: छापील संच बरेच महिने वापरल्यानंतर

बीजिंगच्या वायव्येला चिंग सम्राटांचा युआनमिंगयुआन हा बागांचा राजवाडा होता. त्याच्या अवशेषांच्या जुन्या फोटोंचा हा संच. पेटीत सुटी पानं आहेत, बांधणी नाही, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. दोन पानं शेजारी-शेजारी मांडता येतात. तसं करायचं नसेल तर घेऊ नका. यातले बरेच फोटो नेटवर फुकट दिसतात.

१८६० च्या ऑक्टोबरात ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी राजवाडा लुटला आणि ब्रिटिश दूत लॉर्ड एल्गिनच्या हुकमावरून तो जाळला गेला. त्यामुळे आज तिथले मोडके दगडी खांब पाहिले की सगळं आगीच्या खात्यावर टाकावंसं वाटतं. आता एर्न्स्ट ओल्मरची १८७३ ची पानं काढा. चीनच्या कस्टम्स खात्यात नोकरीला असलेला हा जर्मन माणूस. त्याच्या फोटोंत छप्परं गेलीत, रान माजलंय, पण युरोपीय धाटणीच्या महालांच्या भिंती चांगल्या उभ्या आहेत. भिंग लावलं की खिडक्यांभोवतीची कोरीव वेलबुट्टी स्पष्ट दिसते. शेजारी आजचा फोटो ठेवा: त्यातल्या बहुतेक भिंतीच नाहीत! पुढच्या दशकांत लोकांनी विटा-दगड काढून नेले. म्हणजे या भागाची खरी वाताहत आगीनंतर झाली, आणि ती सावकाश झाली. महाल बांधवून घेणाऱ्या छ्येनलोंग सम्राटाच्या काळात तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या या महालांच्या चित्रांचे काही ठसेही पेटीत आहेत, त्यामुळे मूळ इमारत, १८७३ आणि आज असे तीन टप्पे एका टेबलावर येतात. मी संच सगळ्यात जास्त वापरला तो यासाठीच.

प्रस्तावना मात्र अगदीच पातळ. हे युरोपीय महाल कास्तिल्योने या जेझुइट (ख्रिस्ती मिशनरी) चित्रकाराच्या आराखड्यावर बांधले गेले, हे त्यात आहे. पण ही एवढ्या मोठ्या परिसरातली एका कडेची चिंचोळी पट्टी होती, बाकीचे बहुतेक महाल लाकडी होते आणि ते जळून गेल्यावर कॅमेऱ्यासमोर फारसं काही उरलंच नव्हतं, हे कुठेच नाही. नवखा वाचक सगळा राजवाडाच युरोपीय होता असं समजून बसेल.

फोटोग्राफर फेलिचे बिआतोच्या १८६० च्या फोटोंखालच्या ओळी तर सरळ चुकीच्या आहेत. ‘युआनमिंगयुआन’ म्हणून दिलेलं टेकडीवरचं मंदिर शेजारच्या छिंगयीयुआन या दुसऱ्या शाही बागेतलं आहे. ही चूक जुनीच आहे, पण नव्याने छापताना एक तळटीप द्यायला काय हरकत होती?

छपाई उत्तम, मॅट कागद, दिव्याखाली चमकत नाही. एक गोष्ट खटकली: काही पानांवर आभाळ ‘साफ’ केलंय. त्या काळी फोटो कोलोडिअन नावाच्या रसायनाचा ओला थर दिलेल्या काचेवर घेत; त्या काचांना निळा रंग पांढराच दिसायचा, त्यामुळे आभाळ मुळात कोरं. त्यावरचे डाग-ओरखडे म्हणजे काचेच्या खुणा. त्या पुसायच्या कशाला? संचातला आणखी एक फोटोग्राफर थॉमस चाइल्ड हा तर काचेवरच सही, क्रमांक आणि तारीख घालायचा. त्याच्या एका पानाची कड इतकी कापलीय की अर्धा क्रमांक गेला. तारखेवरून पानं लावणाऱ्याला हे फार छळतं.

पावसाळ्यात पानांच्या कडा थोड्या वळल्या. पेटी आडवी ठेवल्यावर सरळ झाल्या. ओल्मरची पानं वेगळी मिळत असतील तर तेवढीच घ्या.