आमच्या गल्लीच्या नाक्यावरची नवी ट्रॅफिक कोन-पट्ट्यांची क्रॉसिंग : साडेतीन स्टार

शाळेजवळच्या नाक्यावर रंग मारून, ट्रॅफिक कोन आणि प्लास्टिकचे बोलार्ड (छोटे खांब) लावून फुटपाथचे कोपरे रस्त्यात पुढे आणलेत, आणि खरं सांगते, फरक पडलाय! आधी डावीकडे वळणाऱ्या गाड्या स्पीड कमी न करता सुसाट यायच्या, आता वळण टाइट झाल्यामुळे ब्रेक मारावाच लागतो, शिवाय रस्ता ओलांडायचं अंतर कमी झालंय त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आज्जींनाही एका दमात पलीकडे जाता येतं. मालाडला मीठचौकीला 2019 मध्ये असाच ट्रायल झाला होता, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला 2009 मध्ये गाड्या बंद करून चक्क खुर्च्या मांडल्या होत्या. स्वस्तात करून बघायचं, जमलं तर मग पक्कं बांधायचं, ही आयडिया मला मनापासून पटते.

दीड स्टार कापला कारण पावसात रंग उडालाय, बोलार्ड तुटलेत ते कोणी बदलत नाही, आणि रंगवलेल्या जागेत संध्याकाळी बाइक्स लागतात मग पोरं परत गाड्यांच्या मधूनच चालतात. व्हीलचेअरसाठी रॅम्पही नाही. शाळा सुटायच्या वेळी तिथे एक ट्रॅफिक वॉर्डन हवाच, आणि दिवाळीआधी कोपरे पेव्हर ब्लॉकचे करून टाका प्लीज.