शाळेतलं व्हेंडिंग मशीन: लेबल वाचायचं तर आधी पैसे टाका

मुलगी आठवीत आहे, तिच्या शाळेत कॉरिडॉरच्या टोकाला व्हेंडिंग मशीन बसवलंय, खाऊ आणि ड्रिंक्स एकत्रच. पालकसभेला जरा लवकर पोचले होते म्हणून पंधरा मिनिटं त्याच्यासमोर उभं राहून वरपासून खालपर्यंत सगळं बघितलं आणि तीन वस्तू घेऊन घरी पण आणल्या, त्यावरून हा रिव्ह्यू.

मशीनबद्दल तक्रार नाही. पैसे गिळत नाही, पाकीट अडकत नाही, स्वच्छ आहे. पण आत काय भरलंय ते बघा. मुलांच्या डोळ्यांसमोर येतात त्या दोन ओळींत चिप्स, क्रीमची बिस्किटं, चॉकलेट बार. खाली कोला, ज्यूस, फ्लेवर्ड मिल्क. आणि पाणी एकदम तळाला, वाकल्याशिवाय दिसतच नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते लेबलचं. साखर, मीठ, फॅटचा तक्ता असतो पाकिटाच्या मागे आणि मशीनमध्ये पाकीट तोंड पुढे करून लावलेलं असतं. दुकानात निदान हातात घेऊन उलटं करून बघता तरी येतं, इथे काचेतून काय वाचणार? शाळेत विज्ञानाच्या तासाला संतुलित आहार शिकवायचा आणि बाहेर आल्यावर मुलांना वाचायची सोयच ठेवायची नाही, हे मला अजिबात पटत नाही.

घरी येऊन वाचलं तर ज्यूसच्या २०० मिलीच्या कार्टनवर पुढे नुसती फळंच फळं, मागे १०० मिलीला १२ ग्रॅम साखर. म्हणजे अख्ख्या कार्टनात २४ ग्रॅम, चहाचे सहा चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की फ्री शुगर, म्हणजे मुख्यतः पदार्थात वरून घातलेली साखर, रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अजून चांगलं, आणि ज्यूसमधली साखर पण त्यात धरतात. २००० कॅलरीचं जेवण धरलं तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, म्हणजे मधल्या सुट्टीतच दिवसाचा कोटा जवळपास संपला. ओट्सच्या बारमध्ये साखर, ग्लुकोज सिरप आणि मध अशी तीन वेगवेगळी नावं; घटकांच्या यादीत ज्याचं वजन जास्त ते आधी लिहितात, आणि साखर अशी तिघांत वाटली गेल्यामुळे ओट्स यादीत पहिले दिसतात. चिप्सचं पाकीट ६० ग्रॅमचं आणि आकडे दिलेत ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगचे, आता अर्धं पाकीट खाऊन बाकीचं ठेवून देणारं पोर मला तरी माहीत नाही.

एक कप्पा रिकामा होता, पाटीवर भाजलेले शेंगदाणे लिहिलेलं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "अगं आई, ते सोमवारीच संपतात, मग डायरेक्ट पुढच्या सोमवारी येतात." म्हणजे मुलं चांगलं घेतच नाहीत म्हणतात ते खरं नाही, घेतात, पण ठेवाल तर ना.

कोरडा माल महिनोन्महिने टिकतो म्हणून भरणाऱ्याला सोपा पडतो हे समजतं मला. फळं ठेवायची तर थंड मशीन लागतं, शिवाय स्प्रिंगवरून खाली आपटून ती दबतात, त्यासाठी माल अलगद खाली आणणारी लिफ्टवाली मशीन्स मिळतात. आणि नियम करायचे म्हटलं तर करता येतात. फ्रान्सने २००५ पासून शाळांमधली अशी खाऊ-ड्रिंक्सची मशीन्स बंदच केली, अमेरिकेत २०१४ पासून शाळेच्या वेळात विकायच्या स्नॅकला २०० कॅलरीची मर्यादा आहे.

मी शाळेला लिहून दिलं की पाणी डोळ्यांसमोरच्या ओळीत आणा, दाणे आठवड्यातून दोनदा भरा आणि प्रत्येक वस्तूत अख्ख्या पाकिटाला किती साखर, किती मीठ याचा एक मोठा कागद मशीनशेजारी चिकटवा. काल परत जाऊन बघितलं. पाणी वर आलंय, त्याबद्दल मनापासून थँक्यू. कागद अजून लागलेला नाही आणि दाण्यांचा कप्पा रिकामाच होता, म्हणून सध्या ५ पैकी २ स्टार.