लसीला पैकीच्या पैकी, गाडं अडतं कार्डावर: नाशकात सांभाळायला आलेल्या मुलांची आरोग्यसेवा

बाप सीमेवर, आई आजारी आणि मूल पंचवटीत मामाकडे. देवळालीची छावणी शेजारी असलेल्या नाशकाला हे नवं नाही. मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलच्या यादीतही नाशिक, सिन्नर, मनमाड होतेच. अशा घराला पहिला आधार महापालिकेच्या आरोग्य केंद्राचा.

लसीकरण उत्तम, आणि मोफत. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात नसते, राहिलेलेच देतात. क्षयरोगाची बीसीजी वर्षाच्या आतच. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) वर्षाच्या आत सुरू झाली नसेल तर डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) तीन डोस, चार-चार आठवड्यांनी. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत चालते, दोन डोसांत महिन्याचं अंतर. पण लसीकरणाचं कार्ड नसेल तर लस झालीच नाही असं धरतात, आणि खरी अडचण तिथेच. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लसनोंदीत, नोंद असते ती अनेकदा बापाच्या मोबाईल नंबरवर. प्रमाणपत्र काढायला गेलं की ओटीपी त्याच्या फोनवर, आणि फोन सीमेवर बंद! मूल सोपवतानाच माता-बाल संरक्षण कार्डाच्या लसीच्या पानाचा फोटो मामाच्या फोनमध्ये टाका.

अंगणवाडीतली दंडाचा घेर मोजायची पट्टी साधी दिसते, पण कामाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, हात सैल, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, तिथून १२.५ च्या आत मध्यम. पट्टी आवळली की आकडा उगाच कमी येतो, ढिली राहिली की कुपोषण लपतं. घर बदललेलं मूल जेवणावर रुसतं, म्हणून ते आलं त्या आठवड्यात एकदा आणि महिन्याने पुन्हा, शक्यतो एकाच ताईंकडून मोजून घ्या. जीवनसत्त्व अ विचारायला विसरू नका: नवव्या महिन्यात १ मिली, पुढे दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांपर्यंत.

मनाच्या बाजूला सेवा तोकडी. लसीच्या टेबलावर वजन विचारतात, झोप नाही. रात्री दचकणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत येणं हे आपणच सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास मोफत आहे.

आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठीच्या बाल संगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये मात्र आरोग्य केंद्रातून मिळत नाहीत. त्यासाठी महिला व बालविकास कार्यालय, गृहचौकशी, बाल कल्याण समितीचा आदेश, मग बँक. तोवर दुधाचं बिल मामाच्याच खिशातून.