कल्पा, जानेवारी: नळाला पाणी नव्हतं, तरी माझे पाच स्टार

बुकिंगच्या आदल्या रात्री मी हिमाचलमधल्या किन्नौर जिल्ह्यातल्या कल्पा गावच्या याच होमस्टेचे रिव्ह्यू वाचत बसले होते आणि त्यात एकाने दोन स्टार देऊन लिहिलं होतं की सकाळी बाथरूमच्या नळाला थेंब नाही, बादलीने पाणी आणून देतात, फोटोत मात्र चकाचक बाथरूम. ते वाचून मी कॅन्सल करायच्याच बेतात होते, कारण सोबत आई, वय ६४, गुडघे दुखतात, आणि आम्ही दोघी कल्याणच्या, आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे उठून पंखा बंद करायचा एवढीच. बर्फ दोघींनीही कधी बघितलेला नव्हता. शेवटी आईच म्हणाली, अगं बादलीचं पाणी आपल्याला काय नवीन आहे, चल. म्हणून गेलो. तर हा रिव्ह्यू मुख्यतः त्या पाण्याबद्दलच आहे, कारण हिवाळ्यात तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी जायचं कसं ते थोडक्यात. मुंबई ते चंदीगड विमान, तिथून टॅक्सीने सिमला, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून नारकंडा, रामपूर, टापरी, करछम करत कल्पाच्या खालचं रेकाँग पिओ. सिमला ते पिओ सव्वादोनशे किलोमीटर, पण हिशोब किलोमीटरचा नाही, वेळेचा करा, आम्हाला चहा-जेवण धरून साडेदहा तास लागले. नारकंडा २७०० मीटरवर आहे, तिथे बर्फ पडला की रस्ता बंद होतो आणि गाड्या बसंतपूर-किंगलवरून वळवतात, त्यामुळे एक दिवस हातचा ठेवूनच तिकिटं काढा. रामपूरनंतर सतलज सोबत असते आणि तरांड्याजवळ रस्ता अक्षरशः कड्याच्या पोटात कोरून काढलाय, वर दगडाचं छत आणि खाली खोल नदी. आईने तेवढा वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हटली, मी मात्र खिडकीला चिकटून होते.

पिओला पोचलो तेव्हा अंधार पडत आलेला. इथे आमची पंचाईत झाली. ज्या टॅक्सीवाल्याशी सिमल्यात थेट कल्पापर्यंतचं ठरलं होतं तो म्हणाला वर रस्त्यावर पाला, म्हणजे गोठलेलं दव, जमलंय, माझ्याकडे चाकांच्या साखळ्या नाहीत, मी नाही येणार. पैसे मात्र पूर्ण घेतले. पिओ २३०० मीटरच्या आसपास आणि कल्पा २९६०, वळणावळणाचा चढ, सोबत दोन बॅगा आणि आई. होमस्टेला फोन केला तर तिथला मुलगा पाऊण तासात स्वतःची गाडी घेऊन खाली आला, चाकांना साखळ्या घातलेल्या, बॅगा उचलल्या, आईला म्हणाला माताजी आप आगे बैठो, इधर पैर को गरम हवा आएगा. गाडीचे किती म्हणून विचारलं तर म्हणाला डिझेल का दे देना. पाच स्टारमधला पहिला स्टार मी तिथेच दिला होता.

घर म्हणजे खाली दगड, वर देवदाराचं लाकूड, तीन खोल्या पाहुण्यांना आणि मधे एक मोठी खोली जिथे सगळे बसतात. त्या खोलीत तंदूर असतो. आपल्या डोक्यात तंदूर म्हटलं की रोटी येते, किन्नौरमधला तंदूर म्हणजे पत्र्याची चौकोनी शेगडी, पुढे लाकूड घालायला दार, मागून पत्र्याचं नळकांडं थेट छपराबाहेर. वर किटली कायम, बाजूला ओले मोजे वाळत, आणि जेवणही त्याच्यावरच. लाकूड बरंचसं सफरचंदाचं, हिवाळ्यात बागांची छाटणी होते त्याच्या फांद्या. त्या धुराला एक गोडसर वास असतो, माझ्या शालीला तो अजूनही येतोय आणि मी शाल मुद्दाम धुतलेली नाही.

आता पाणी.

पहिल्या संध्याकाळीच घराच्या मालकीणबाई, आंटी, यांनी आम्हाला बाथरूममध्ये नेऊन नीट दाखवलं, की रात्री आठनंतर हम लाईन खाली कर देते हैं, म्हणजे टाकीकडून येणारा व्हॉल्व बंद करून पाइपातलं सगळं पाणी काढून टाकतात. कारण पाणी गोठलं की ते जवळपास ९ टक्के फुगतं आणि रात्री उणे सात-आठ झालं की पाइप उभा चिरतो, मग मार्चपर्यंत दुरुस्तीला माणूस मिळत नाही. त्यांच्या शेजारच्या घराचा असाच फुटलेला पाइप दुसऱ्या दिवशी मी बघितला, लोखंडी पाइप, लांबलचक चीर आणि त्यातून बाहेर आलेली बर्फाची जीभ. म्हणजे नळाला पाणी नाही हा निष्काळजीपणा नाही हो, नळ वाचवायचा तो एकच मार्ग आहे. दिवसा ऊन आलं की अकरापासून नळ चालू असतो. बाकी वेळेला दोन मोठे झाकणाचे ड्रम भरलेले, आणि गरम पाणी हमामचं.

हा हमाम बघून आई जी खूश झाली ती मी विसरणार नाही. घराच्या मागच्या बाजूला पडवीत उभं पत्र्याचं पिंप, मधून आरपार नळी, त्या नळीत लाकडं पेटवायची, भोवती पाणी. आई म्हणाली, अगं हा तर आपला बंब! तिचं बालपण वाईचं, आजोळी तांब्याचा बंब होता आणि सकाळी तो पेटवायचं काम तिचं. फरक एवढाच की याला खाली तोटी नाही. वरच्या नरसाळ्यातून एक तांब्या गार पाणी ओतायचं की बाजूच्या नळीतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडतं. गार ओतलं नाही तर गरम मिळत नाही, त्यामुळे हमाम कधी रिकामा होतच नाही आणि मागून अंघोळ करणाऱ्यालाही पाणी असतं. तिसऱ्या दिवशी तर आई आंटींच्या आधी उठून तिथे जाऊन बसली होती, ढलप्या घालत, आणि दोघी दोन भाषांत बोलत होत्या. आईचं हिंदी बेताचं, आंटींचं हिंदीही किन्नौरी वळणाचं, पण बंबावर बोलायला तेवढं पुरलं.

दुसऱ्या रात्री बर्फ पडला. मला वाटायचं पाऊस पडतो तसा आवाज येईल, काहीच येत नाही, उलट असलेले आवाजही गायब होतात, कुत्री गप्प, रस्ता गप्प. वीज साडेनऊला गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सकाळी दार उघडलं तर जिन्याच्या पायऱ्याच दिसेनात. गाडी घेऊन आलेला तो मुलगा, आमचा भैया, छपरावर चढून लाकडी फावड्याने बर्फ खाली ढकलत होता आणि चेहऱ्यावर आनंद, कारण सफरचंदाला थंडी लागते, ७ अंशाच्या खालचे हजाराच्या आसपास तास मिळाले नाहीत तर झाड वसंतात नीट फुलत नाही. आपण फोटोसाठी बर्फाची वाट बघतो, ते वर्षाच्या पिकासाठी.

आणि आईने काय केलं, तर स्वयंपाकघरातून एक पातेलं मागून घेतलं, ते ताज्या बर्फाने शिगोशीग भरलं आणि तंदूरवर ठेवून समोर बसून राहिली. पातेलं मोठं, चार लिटरचं असेल. बर्फ बसत बसत गेला, कडेने आधी करडा झाला, मग मधे एक बेट उरलं, आणि शेवटी तळाला जे पाणी राहिलं ते तिने फुलपात्राने मोजलं. दोन फुलपात्रं, तीही काठोकाठ नाहीत. एवढा बर्फ, एवढं लाकूड, आणि पाणी एवढंसं. तिने चाळीस वर्षं नळाच्या वेळा सांभाळून पाणी भरलंय, म्हणून बहुधा तिला हे करून बघावंसं वाटलं असेल. त्यानंतर तिने आमच्या खोलीतल्या बादलीतलं उरलेलं पाणी कधी ओतून दिलं नाही, परत ड्रममध्ये नेऊन ठेवायची.

खाणं. एवढ्या उंचीवर पाणी ९० अंशालाच उकळतं त्यामुळे राजमा कुकरमध्येही खूप वेळ घेतो, आंटी दुपारीच लावून ठेवायच्या, पण तो राजमा, लाल तांदळाचा भात आणि वर घरचं तूप, आहाहा. ओगल्याच्या पिठाचे चिलटे म्हणजे पातळ घावन म्हणा, ओगला म्हणजे उपासाचा कुट्टू, सोबत सुक्या जर्दाळूची आंबटगोड चटणी. नमकीन चहा लोणी घातलेला, पहिला घोट विचित्र लागतो कारण आपण गोडाची तयारी ठेवून पितो, सूप समजून प्या, मग आवडतो. आईने नेलेलं मेतकूट आंटींना भातावर घालून दिलं, त्यांनी डबाच ठेवून घेतला.

खिडकीबद्दल लिहायलाच हवं. आमच्या खोलीची खिडकी पूर्वेला, समोर किन्नर कैलास, ६०५० मीटर, आणि बाजूला जोरकंदन ६४७३. सूर्य याच डोंगरांच्या मागून येतो म्हणून सकाळी आकाश उजळलं तरी गावात ऊन यायला बराच वेळ लागतो, तोवर रजईतून बाहेर येऊ नका. संध्याकाळ उलटी, गावात दिवे लागतात, आपल्या हातातला कप दिसेनासा होतो आणि समोरची शिखरं अजून गुलाबी. मी तीनही संध्याकाळी फोन खाली ठेवून नुसती बघत बसले.

भैयाने आम्हाला गावातून हळूहळू फिरवलं, लाकडी कोरीवकामाचं नारायण-नागिणी मंदिर आणि तिथली प्राथमिक शाळा, जिथे श्याम सरन नेगी यांनी २५ ऑक्टोबर १९५१ ला मत दिलं, स्वतंत्र भारतातलं पहिलं. बाकी बहुतेक देशात मतदान १९५२ च्या सुरुवातीला झालं, इथे बर्फाने रस्ते बंद होतील म्हणून आधी घेतलं. हे मी शाळेत वाचलेलं, पण गुडघाभर बर्फात त्या शाळेसमोर उभं राहिल्यावर कळलं की आधी का. नेगीजी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, १०५ वर्षांचे होऊन. गावात अजून सगळे त्यांना मास्टरजी म्हणतात.

या फिरण्यात आई घसरू नये म्हणून आंटीनी निघताना तिच्या बुटांवरून जुने लोकरीचे मोजे चढवले. हो, बुटांच्या वरून. कडक बर्फावर रबर सटकतं, लोकर धरून ठेवते. मी दोन महिने आधी महागातले बूट घेतले होते, तेही ठीकच चालले, पण उतारावर मीही शेवटी मोजे मागून घेतले.

आता जे आवडलं नाही तेही लिहिते. बाहेरच्या जिन्याला कठडा नाही, बर्फात म्हाताऱ्या माणसाला तो खरंच धोक्याचा आहे, मी भैयाला सांगितलंय, निदान दोरी तरी बांधा. खोलीतल्या एका रजईला कुबट वास होता, सांगितल्यावर लगेच बदलली. वीज गेली की खोलीत उष्णता शून्य, फक्त रजया आणि गरम पाण्याच्या पिशव्या, रात्री टॉयलेटला उठणं हे मोठं काम होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिस्टिंगवर सगळे फोटो जूनचे आहेत आणि पाण्याबद्दल एक ओळ नाही. त्या दोन स्टार देणाऱ्याची तक्रार इथे मला मान्य आहे, त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. नळाची वेळ, हमाम, बादली हे स्पष्ट लिहा, त्याने गिऱ्हाईक जाणार नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी या घराचे पाय धरीन. शेजारच्या खोलीतल्या दोन मुलांनी वीज गेल्यावर कोळशाची अंगीठी खोलीत मागितली, जास्त पैसेही देतो म्हणाले. आंटी नाही म्हणाल्या. बंद खोलीत कोळसा धुमसला की त्यातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. मुलं चिडली तर त्यांना सरळ मोठ्या खोलीत तंदूरजवळ गाद्या घालून दिल्या, तंदूरला धुराडं आहे म्हणून, आणि तरीही एक खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि भैया स्वतः तिथेच झोपला. डोंगरात कुठेही राहा, खोलीत अंगीठी आणून देणारा मालक चांगला असं समजू नका.

पैसे: दोघींचे मिळून दिवसाला २२००, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. दुपारचं वेगळं, पण ते कधी मोजलं नाही त्यांनी.

न्यायच्या गोष्टींत, सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेवा, भिजले की दिवसभर वाळत नाहीत. थर्मल दोन जोड, लोकरीचे मोजे चार, गॉगल हवाच कारण बर्फावरचं ऊन डोळ्यांना भाजतं, व्हॅसलीन, आणि पॉवरबँक रात्री रजईत घेऊन झोपा, बाहेर ठेवलेली माझी सकाळी अर्ध्यावर आली होती. पहिल्या दिवशी डोकं जड होतं, उंचीमुळे, पाणी पीत राहा आणि त्या दिवशी कुठे भटकू नका. पिओच्या वर गाडी नेणारा साखळ्या ठेवतो का हे ॲडव्हान्स द्यायच्या आधी विचारा.

काल आंटींचा फोन होता, मेतकूट संपलं म्हणून. आई आज मेतकुटाची भाजणी करायला बसलीय, दोन किलोचं पार्सल पाठवायचंय, आणि त्यात कल्याणच्या बाजारातून आणलेली नायलॉनची जाड दोरीही आहे, जिन्याला बांधायला.